आधी मीठ आणा

"मॅडम, कंपूटर घ्या, मी नाई म्हनत नाई. पन आधी मीठ आना. खड्याचं. दहा किलो."

कॉम्प्युटर या विषयावरचं माझ्या घरमालकांचं हे पहिलं वाक्य. मी तेव्हा आमगावच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते. नवं शतक लागून एक-दोन वर्षं झाली असतील. कॉम्प्युटर घ्यावा म्हणते, एवढंच मी अंगणात उभी राहून बोलले होते. घर त्यांचं, वायरिंग त्यांचं, म्हणून कानावर घातलेलं बरं. त्यावर माणूस मीठ मागतो! मला वाटलं, यंत्र घरात यायच्या आधीच त्याची दृष्ट काढायचा बेत दिसतो.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही. गोंदियाच्या राइस मिलांमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रिक मिस्त्री होते. अंगानं वाळके, आवाजानं भक्कम, आणि शर्टाच्या खिशाला लोक पेन अडकवतात तिथं यांचा टेस्टर. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नसत. मिलमध्ये एकदा मोटारीला हात लागला होता. बोटं वठली, हात वाचला. शेजारी उभा असलेला जोडीदार मात्र वाचला नाही. "अर्थिंग नव्हती," एवढंच ते सांगत आणि विषय बदलत. ज्या घराला अर्थिंग नाही त्या घरात त्यांच्या लेखी मिक्सर लावणंसुद्धा पाप होतं.

मीठ त्यासाठीच होतं. न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ, जिथं माती कायम ओली राहते, तिथं त्यांनी स्वतः कमरेएवढा खड्डा खणला. तळाला तांब्याची पाटी, तिला जाड तार, वर कोळशाचा थर, त्यावर मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. आमच्या घरी लिंबाचं लोणचंसुद्धा इतक्या निगुतीनं कुणी घातलं नव्हतं. खड्डा बुजवून झाल्यावर हात झटकत म्हणाले, "आता याले रोज दोन बकेट पानी."

"रोज? कुठवर?"

"उन्हाळा सरेवर. सुकला का मेला."

झालं. मी रोज शाळेतून आल्यावर मातीच्या एका रिकाम्या तुकड्याला पाणी घालू लागले. चार दिवसांनी कुंपणापलीकडच्या बाईंना राहवलं नाही. "काय लावलं जी मॅडम?" मी उत्तर शोधत होते, तेवढ्यात पडवीतून काकाजींचा आवाज आला, "कंपूटर पेरला. दसऱ्याले निंगते." दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात पोरं एकमेकांना कोपरं मारून हसत होती, यावरून बातमी कुठवर गेली ते मला कळलं.

खड्डा झाला तरी कॉम्प्युटर काही आला नाही. आता एक महिना व्होल्टेज मोजायचं होतं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, तीन वेळा मीटर लावून काकाजी आकडा पडवीच्या भिंतीवर कोळशानं लिहीत. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पाडव्याला नुकतीच चुन्यानं रंगवलेली भिंत. काकू त्या भिंतीकडे पाठ करून भाजी निवडत. महिन्याच्या शेवटी काकाजींनी मला भिंतीसमोर उभं केलं, आणि गुरुजींनी फळ्यावर दाखवावं तसं एकेका आकड्यावर बोट ठेवलं. उन्हाळी धानाचे पंप सुरू झाले की संध्याकाळी व्होल्टेज एकशे चाळीसवर यायचं.

"एकशे चाळीसमंधी बल्ब लाजते मॅडम, कंपूटर का चालन? पयले स्टॅबिलायझर, मंग यूपीएस, मंग कंपूटर. आधी गोठा, मंग गाय."

मी चिडले. घाई मला होती आणि ती उगाच नव्हती.

मला कॉम्प्युटर हवा होता तो एकाच कामासाठी. माझे बाबा केशोरीला धान करायचे. जुन्या धानाच्या साठ-सत्तर जाती त्यांना तोंडपाठ होत्या. नुसती नावं नाहीत, तर कुठलं धान शेताच्या कोणत्या बांधीत लावायचं, कधी निसवतं, कोणाचं तणस बैल मिटक्या मारत खातो आणि कोणाचं नुसतं हुंगून सोडून देतो, सगळं. यातल्या निम्म्या जाती आता कुणी पेरत नाही. त्यांनी तरुणपणी हे सगळं एका वहीत लिहिलं होतं. ती वही वाळवीनं खाल्ली. आता पंचाहत्तरी गाठल्यावर बाबा एकेक नाव विसरू लागले होते. "कंपूटरात उदई लागत नाई म्हंतेत," ते मला म्हणाले. "आठवते तवरीक तू लिवून ठेव." त्यांच्या आठवणीला काकाजींच्या व्होल्टेजसारखी उतरती कळा लागली होती आणि मी इथं मातीला पाणी घालत बसले होते.

हे मी काकाजींना जरा फणकाऱ्यानंच सांगितलं. त्यांनी हातातलं मीटर बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "ऐतवारी जाऊ गोंदियाले. पन एका कागदावर लिवून घ्या, का कंपूटरवर का करनार आहात. दुकानात गेला का मानूस भुलते." मी कागदावर एकच ओळ लिहिली, 'बाबांची धानाची यादी', आणि तो कागद त्यांनी टेस्टरशेजारी खिशात ठेवला.

गोंदियाच्या त्या दुकानातली दुपार मी जन्मात विसरणार नाही. दुकानदार गोड बोलणारा, हिंदीतून. त्यानं मोटारी पळवायचा खेळ लावून दाखवला. मोठे काळे स्पीकर दाखवले आणि त्यातून असं काही वाजवलं, की माझ्या छातीत धडधडलं. "मॅडमजी, घर में सिनेमा हॉल!" मी भुललेच होते. काकाजींनी खिशातून कागद काढून काउंटरवर ठेवला. "पढो. इसमें गाना लिखा है क्या?"

मग त्यांनी भावाआधी पत्ता विचारला. दुकानाचा नव्हे, दुरुस्तीला येणाऱ्या माणसाचा. दुकानदार म्हणाला, कंपनी की वॉरंटी है. काकाजी म्हणाले, "कंपनी गोंदिया में रहती है क्या? बंद पडेगा तो आमगाँव कौन आएगा, उसका घर बताओ." शेवटी तो मेकॅनिक समोर आला, त्यानं घर कुठं ते सांगितलं, तेव्हा कुठं गाडी पुढं सरकली. मग डब्याचं झाकण उघडायला लावलं, आणि काकाजींनी आत नाक घातलं. अक्षरशः नाक. जळक्या व्हार्निशचा वास त्यांना चालू मोटारीच्या दहा हात अलीकडून यायचा म्हणे, आणि ज्याला कोरं यंत्र आणि झाकून-पाकून नवं केलेलं यंत्र वासावरून कळत नाही त्यानं डोळ्यांवर विसंबू नये, असं त्यांचं मत होतं. एक यंत्र त्यांनी वासावरून परत केलं. दुसरं पसंत पडलं, ते त्यांनी दोन तास चालू ठेवायला लावलं. स्वतः समोर स्टूल टाकून बसले. मधे काकूंनी दिलेला डबा उघडून आम्ही दोघांनी तिथंच भाकरी आणि वांग्याची भाजी खाल्ली. दुकानदारानं आधी कपाळाला आठ्या घातल्या आणि मग स्वतःच एक वांगं मागून घेतलं.

दोन तासांनी मागच्या पंख्यापाशी हात धरून काकाजी म्हणाले, "सही है. गरम होता है, लेकिन तापता नहीं." स्पीकर त्यांनी घेऊ दिले नाहीत. "गाना आयकाचा असन त घरी रेडिओ हाये." त्याऐवजी सीडीवर लिहिणारं यंत्र बसवायला लावलं. मी विचारलं, ते कशाला? त्यांनाही नीट सांगता आलं नाही. दुकानदारानं सांगितलं होतं, की याच्यानं आतलं बाहेर काढून ठेवता येतं, आणि ज्यातून बाहेर निघता येत नाही असं काही काकाजींना पसंत नव्हतं. परतीच्या गाडीत मी तोंड फुगवून बसले होते. स्पीकरचं मला खरंच वाईट वाटत होतं.

यानंतर माझ्या खोलीत काकाजींचं राज्य सुरू झालं. गावात दोन-तीन मिल, त्यामुळे कोंड्याची बारीक धूळ हवेत कायम. तिच्यासाठी रंगाऱ्याचा एक कोरा ब्रश खिळ्याला टांगला गेला. यंत्राबरोबर आलेलं प्लॅस्टिकचं कव्हर त्यांनी पहिल्याच दिवशी जप्त केलं, आत घाम धरतं म्हणून, आणि काकूंच्या जुन्या सुती लुगड्याचं कव्हर शिवून आणलं. हिरवं, लाल काठाचं. माझा कॉम्प्युटर झाकला की हळदी-कुंकवाला निघाल्यासारखा दिसे. टेबलाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या आल्या, मुंग्यांसाठी. मागच्या फटींना जाळी आली, पालींसाठी. एका पालीनं म्हणे कुणाचं तरी यंत्र स्वतःसकट भाजलं होतं. त्या काळात कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला काढून शिरत. माझ्या शाळेतल्या बाई बघायला आल्या, त्यांनी उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि काकाजी त्यांच्यावर खेकसले, "घाला जी चपला! रबराची चप्पल जीव वाचवते. देव हाये का तो?"

आणि ढग वाजले, की दोन्ही तारा काढायच्या, लाइटची आणि टेलिफोनची. कारण मी फोनच्या तारेवर इंटरनेट घेतलं होतं. हा नियम ते इतक्यांदा सांगत, की मी त्यांच्या आधी ओठ हलवून म्हणून दाखवी.

एवढं सगळं करणाऱ्या माणसानं कीबोर्डला कधी बोट लावलं नाही. मी आग्रह केला तर हात मागे घेत. "चालवनं तुमचं काम, वाचवनं माहं." पडद्यावर काय दिसतं याची त्यांना चौकशीही नसे. ते यंत्राच्या मागच्या बाजूला राहत, पंखा, तारा, धूळ यांच्यात. पुढची बाजू माझी.

दिवाळीत बाबा माझ्याकडे राहायला आले आणि यादी सुरू झाली. ते खाटेवर, मी टेबलापाशी. "लिव. लुचई." मी लिही. "हिरानखी. लिव, वरच्या बांधीत नोको." दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काकाजी दारात येऊन उभे राहिले. चिन्नोर चालली होती. बाबांनी तिचे गुण सांगितले आणि दारातून आवाज आला, "पन मिलवर बहुत तुटते जी. अर्धी कनकी होते."

बाबांनी मान वळवली. आयुष्यभर त्यांनी धान शेतात पाहिलं होतं, आणि या माणसानं आयुष्यभर तेच धान मिलच्या पोटातून जाताना पाहिलं होतं. मग जे भांडण जुंपलं ते संक्रांतीपर्यंत टिकलं. बाबा म्हणत, गुरमटियासारखं धान नाही. काकाजी म्हणत, तिचा कोंडा पट्ट्यात अडकते. बाबा दुबराजच्या वासावर बोलत, काकाजी तिच्या वजनावर. शेवटी मी यादीत दोन रकाने केले, एक शेतातला आणि एक मिलवरचा. एवढे खूश झालेले दोन म्हातारे मी नंतर कधी पाहिले नाहीत. आपण हे दोन रकाने केले याचा मला आजही अभिमान आहे, कारण पुढे मी जे केलं त्याचा अजिबात नाही.

माघात यादी जवळजवळ पुरी झाली. एका सकाळी बाबा काकाजींना आमच्या घरची बिजाई राखायची रीत सांगत होते. "बीज एका घरी ठेवत नाई, काकाजी. थोडं आपल्या घरी, थोडं पोराच्या मामाकडं, थोडं शेजाऱ्याच्या ढोलीत. आग लागली, उंदरानं खाल्लं, त पेराले का आनसान?" काकाजी ऐकता ऐकता एकदम उठले आणि माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"मॅडम, तुमची यादी दुसऱ्या कोनत्या घरी हाये?"

कुठंच नव्हती. त्या दिवसापासून हुकूम निघाला. दर शनिवारी मी यादीची सीडी करायची, त्यावर तारीख घालायची आणि त्यांच्या हातात द्यायची. ठेवणार कुठं, विचारलं तर म्हणाले, "ते नोका विचारू. बीज कोठं ठेवलं ते चोरालेई सांगाचं नसते आन मालकालेई."

पहिल्या शनिवारी मी खरंच बसले. सीडी लिहायला अर्धा तास लागायचा. निम्म्यावर लाइट गेली, यूपीएसनंही मान टाकली, सीडी बाद. दुसरी घातली, तीही बाद. पुढ्यात नववीच्या पेपरांचा गठ्ठा. काकाजी बाहेर सायकल धरून उभे. मी एक कोरी सीडी घेतली, तिच्यावर तारीख घातली, खाली 'धान' असं लिहिलं आणि दिली. पुढच्या शनिवारी खरी देऊ, असं मनाशी म्हटलं. पुढच्या शनिवारीही तेच म्हटलं. खोटं बोलायला पहिल्यांदा जड जातं, नंतर ते अंगवळणी पडतं. असे अकरा शनिवार. काकाजी प्रत्येक वेळी सीडी दाराच्या उजेडात धरत, उलटी करून बघत, "बरं जी" म्हणत आणि फडक्यात गुंडाळून नेत. मला ती त्यांची आणखी एक लहर वाटे, आणि मनात मी हसायचेही.

मे महिन्यात बाबा धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकायचे म्हणून केशोरीला परतले, आणि शनिवारच्या सीड्याही थांबल्या. रोपांची बांधी दुसऱ्या कुणी पाहिलेली त्यांना चालत नसे. मृग लागला, आणि एका सकाळी बाबा त्या बांधीच्या धुऱ्यावर, काठाच्या बांधावर, बसले ते उठले नाहीत. फोन आला तेव्हा मी टेबलापाशीच होते. जशी होते तशी निघाले. कव्हर घालायचं सुचलं नाही, तारा काढायचं तर नाहीच.

तेरवीला काकाजी आणि काकू दोन बस बदलून केशोरीला आले. पंगत उठल्यावर काकाजी एकटेच बांधीकडे जाऊन आले. "पऱ्हे चांगले आले," एवढं मला म्हणाले. त्याच दुपारी आमगाववर वीज कडाडत होती हे आम्हाला ठाऊक नव्हतं.

मी परतले तर माझ्या आधी काकाजी माझ्या दारात उभे. त्यांच्याकडच्या किल्लीनं कुलूप काढलं. त्यांनी झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि खाली जमिनीवर बसले.

"जळला," ते म्हणाले. "मेन मी पाडला होता. टेलिफोनचा तार इसरलो. बाबूजीच्या तेरवीले निंगाच्या घाईत इसरलो. साऱ्या गावाले सांगून राहिलो, आन सोता इसरलो."

गोंदियाच्या मेकॅनिकनं पाहून सांगितलं, टेलिफोनच्या तारेतून वीज आत शिरली, आतलं काहीही आता वाचता यायचं नाही. त्या दिवशी काकाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही काकूंनी नेलेलं ताट तसंच परत आलं. पडवीत भिंतीकडे तोंड करून बसून राहिले, त्या जुन्या कोळशाच्या आकड्यांसमोर. बाबा गेले होते, बाबांची यादी गेली होती, आणि हा माणूस सगळा दोष स्वतःच्या डोक्यावर घेऊन उपाशी बसला होता. मला ते बघवेना. मी जाऊन त्यांच्यासमोर बसले.

"काकाजी, तुमच्या एका तारेनं यादी गेलेली नाही. ती माझ्यामुळे गेली. त्या सीड्या कोऱ्या आहेत. अकराच्या अकरा."

"मालूम हाये," ते म्हणाले.

"कसं?" मी विचारलं.

"कोरी सीडी सारी एका रंगाची राहते. भरली, का आतल्या बाजूनं गडद चक्का दिसते. दुकानदारानं पयल्याच दिवशी दाखवलं होतं. उजेडात धरली का कळते."

"मग बोलला का नाहीत?"

"कायले बोलू? तुमी मास्तरीन. पोराईले खरं बोला म्हनून शिकवता. म्हनलं, वाट पाहू, आज सांगतीन, उद्या सांगतीन." मग म्हणाले, "एक मी भरली हाये. चक्का त दिसते. पन आत का हाये, यादी हाये का नुसता कचरा, ते मले का मालूम? मले तुमचं यंत्र येते का?" जेवण का जात नव्हतं ते मला आता कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं ते दरेकशाला गेले. ते काकूंचं माहेर. तिथल्या धानाच्या ढोलीत, म्हणजे मोठ्या कणगीत, बीजाच्या पोत्यावर, पत्र्याच्या डब्यात त्यांनी माझं बीज ठेवलं होतं. दुपारी परतीच्या गाडीनं ते उतरायचे आणि मी आमगावला त्याच गाडीत चढायची, असं ठरलं होतं. पण ते उतरले नाहीत. दारात उभे राहून म्हणाले, "चढा, चढा," आणि माझ्याबरोबर गोंदियापर्यंत आले. दुकानात मात्र शिरले नाहीत. रस्त्यापलीकडे पानठेल्यापाशी पाठ करून उभे राहिले.

दुकानदारानं सीडी आत सारली. यंत्र थोडं घुरघुरलं. मग पडदा भरला. लुचई. हिरानखी. चिन्नोर, आणि तिच्यापुढे मिलवरच्या रकान्यात, बहुत तुटते. शेवटच्या नावापर्यंत सगळं होतं. मी दुकानाच्या पायरीवर येऊन रस्त्यापलीकडे ओरडले, "काकाजी, आहे! सगळी आहे!" त्यांनी वळून पाहिलं, मान हलवली, आणि पानवाल्याला काहीतरी सांगितलं. पान खाताना त्यांना मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

संध्याकाळी त्यांनी दोऱ्यात ओवलेल्या अकरा सीड्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "ह्या कोऱ्या. कामी येतीन." बस्, एवढंच. त्यांनी रागावून चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाकीचं काकूंनी सांगितलं. एप्रिलात माझी सकाळची शाळा सुरू झाली, तेव्हा काकाजी मुद्दाम गोंदियाला जाऊन दुकानदाराकडून सीडी कशी भरायची ते विचारून, वेगळ्या सीड्या विकत घेऊन आले होते. कोणता बाण कुठं न्यायचा, कुठं दाबायचं, सगळं माझ्या त्या एका ओळीच्या कागदामागे लिहून. मी शाळेत गेले, की दोघं म्हातारे माझ्या खोलीत. बाबांनी मला हजारदा यादी उघडताना पाहिलेलं, ते खाटेवरून सांगत, आता ती इथं दाबते. काकाजी रबरी चपला घालून समोर बसलेले. "देवाले जोडतेत तसे हात जोडले," काकू म्हणाल्या, "आन मंग एक बोट लावलं. घामानं शर्ट भिजला. दोन सीड्या वाया गेल्या. तिसरीच्या टायमाले लाइट रायली."

"बाबांना माहीत होतं?" मी विचारलं. "मी कोऱ्या देत होते ते?"

"होतं न जी. तेच म्हनले, पोरीले नोका सांगू, तिच्यामांगं बहुत काम हाये."

ते ऐकून मी काकूंच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. माझं खोटं ठाऊक असून बाबा माझ्याकडून रोज संध्याकाळी यादी वाचून घेत होते, आणि जाताना माझ्या पाठीवर हात फिरवून गेले होते. कपाळावर एक आठी नव्हती.

काकाजी जाऊनही आता काही वर्षं झाली. मी बदली होऊन देवरीला आले, घर बांधलं. गवंडी पायाची आखणी करत होता आणि मी दहा किलो खडे मीठ घेऊन उभी होते. तो माझ्याकडे कसा बघत होता ते सांगत नाही. शाळेत कुणी लॅपटॉप कोणता घेऊ विचारलं, तर मी अजूनही आधी विचारते, त्याच्यावर करणार काय, ते कागदावर लिहून आण. यादीच्या प्रती आता पुष्कळ घरी आहेत. केशोरीला भावाकडे, चिचगडला एका विद्यार्थ्याकडे, जो त्यातलं पाहून हिरानखी शोधत गावोगाव फिरतो. दर वर्षी तो एखादं नाव, एखादी ओळ वाढवायला पाठवतो.

ते वाढलं, की नवी प्रत घेऊन मी आमगावला काकूंकडे जाते. मधे एकदा पेन ड्राइव्ह नेला. काकूंनी तो बोटांत धरून सगळीकडून फिरवून पाहिला आणि माझ्या हातात परत ठेवला. "याच्यात काई दिसत नाई. सीडी आना."

त्यामुळे गोंदियातल्या दुकानांत मी अजून सीड्या शोधत हिंडते. दुकानदार हसतात. काकूंना आता नीट दिसत नाही, तरी मी दिलेली सीडी घेऊन त्या दाराशी जातात, उलटी करून उजेडात धरतात, डोळे बारीक करतात आणि तो गडद चक्का सापडेपर्यंत हलत नाहीत.

"हो," म्हणतात. "भरली हाये." आणि मगच माझ्यासाठी चहा ठेवतात.